पाडण्यासाठी बांधलेलं शहर

नवी इमारत दिसली की मास्तर आधी खाली बसायचे. चांगले उकिडवे. मान तिरकी करून, डावा डोळा मिटून ते पायथ्यापासून शेंड्यापर्यंत तिच्यावर नजर फिरवायचे आणि गुडघ्यांवर हात टेकून उठताना निकाल द्यायचे. "बरी पडेल." नाहीतर, "ही नाही गो पडायची नीट. बदकन बसेल नुसती."

दोह्याशेजारी लुसैलमध्ये एका क्लायंटकडून परत येताना ट्रामच्या थांब्याबाहेर त्यांनी अशीच बैठक मारली. समोर निळ्या काचेचा कोरा करकरीत टॉवर. त्याचा गार्ड धावत आला. त्याला वाटलं, या गृहस्थांना ऊन लागलं. "सर, यू ओके?" मास्तरांनी प्रसन्न चेहऱ्यानं वर पाहिलं आणि म्हणाले, "व्हेरी नाइस बिल्डिंग. विल फॉल व्हेरी नाइस." परक्या देशात, गार्डच्या तोंडावर, हे बोलायचं वाक्य आहे का, तुम्हीच सांगा! हे इमारतींची मॉडेलं बनवतात, यांना पाडायची हौस आहे ती फक्त सिनेमातली, हे त्याला पटवता पटवता मला घाम फुटला. मास्तर शेजारी उभे राहून माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. शेवटी गार्डनं त्यांना पाण्याची बाटली दिली आणि जाताना स्वतःही एकदा मान वर करून टॉवर नीट बघून घेतला.

दोह्यात फ्लॅट विकणाऱ्यांच्या शोरूममध्ये तुम्ही ती मॉडेलं पाहिली असतील. काचेच्या पेटीत इवलाले टॉवर, स्पंजची झाडं, निळ्या रेझिनचा समुद्र, तांदळाच्या दाण्याएवढी माणसं. बटण दाबलं की खिडक्यांत दिवे लागतात आणि बघायला आलेल्या नवऱ्याबायकोत आपली खिडकी कुठली यावर वाद सुरू होतो. अशी मॉडेलं बनवणारं आमचं वर्कशॉप सनय्यात, म्हणजे इथल्या औद्योगिक भागात, एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. क्लायंटचे फोन घेणं आणि "उद्या देतो, इन्शाल्ला" हे दहा प्रकारे सांगणं, एवढं माझं काम. मॉडेलं करायचे मास्तर. त्यांच्या हाताखाली लेझर मशीनवर नेपाळचा कुमार आणि रंगकामाला मनिलाचा जोएल. मास्टरजी हे नाव कुमारनं पाडलं, मी त्याचं मास्तर केलं, आणि पुढे पगाराच्या दिवशीच काय ते त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी यायचं.

मास्तर पेणचे. घरचा गणपतीचा कारखाना. पेणमध्ये मूर्ती घडवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात, मग तो ओटीवर का असेना. लहानपणापासून शाडू, साचे आणि रंगाच्या वाट्या यांच्यातच वाढलेले. नंतर मुंबईत कलाशाळेत शिकले, तिथून या धंद्यात आणि धंद्यातून आखातात आले. बायको पेणलाच, मुलगी लग्न होऊन ठाण्याला. हे सगळं ते एका दमात सांगून टाकायचे, कारण त्यांना लवकरात लवकर सिनेमावर यायचं असायचं.

सिनेमा म्हणजे एकच. जपानी. समुद्रातून एक प्रचंड राक्षसी जनावर निघतं आणि एक गाव तुडवतं, एवढीच कथा. तोंड माशाचं, शेपूट मगरीची, आणि पाठीवर चेन. म्हणजे कपड्याला असते ती चेन! आत माणूस शिरवून वरून बंद केलेली, स्वच्छ दिसणारी. सिनेमा काढणाऱ्यांकडे पैसे इतके कमी होते की एकच पूल तीनदा पडतो, फक्त प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूनं.

हा सिनेमा पेणला पोचला कसा, ते मास्तरांच्याच तोंडून ऐकायला हवं होतं. गणपतीत मंडपात व्हिडिओ लावायची तेव्हा पद्धत होती. मंडळानं दशावताराची कॅसेट सांगितली होती. दुकानदाराच्या पोऱ्यानं भलतंच खोकं दिलं. मंडप भरला, नारळ फुटला, कॅसेट सुरू झाली. पडद्यावर समुद्र फुगला आणि त्यातून हे भलंमोठं माशाचं तोंड वर आलं.

"पुढच्या बायकांनी हात जोडले गो," मास्तर सांगायचे. "मत्स्यावतार! आमच्या आत्यानं तर टीव्हीवर अक्षता टाकल्या."

"मग गाव तुडवायला लागल्यावर?"

"तेव्हा जरा चुळबुळ झाली. मग आत्याच म्हणाली, पापी लोक असतील. झालं. सगळे परत मांडी घालून बसले."

भाषा कळत नव्हती, पण देवाला कुठली भाषा असते, असं म्हणून माणसं शेवटपर्यंत बसून राहिली. सिनेमा संपल्यावर आरती झाली आणि खोबऱ्याचा प्रसाद वाटला. कॅसेट चुकली हे मंडळाला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही दुकानदार दशावतार घेऊन आला म्हणून. मास्तर तेव्हा हाफपँटमध्ये होते. त्यांनी मात्र जनावराकडे पाहिलंच नव्हतं. ते बघत होते मागची घरं. ही घरं कुणीतरी हातानं केली आहेत आणि ती मोडण्यासाठीच केली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग त्यांना दुसरं काही सुचेना.

पुढे कित्येक वर्षांनी दोह्यात इंटरनेटवर त्यांना तो सिनेमा सापडला. तेव्हा कळलं की या टाकाऊ सिनेमाचे जगभर वेडे भक्त आहेत. ब्राझीलमध्ये आहेत, पोलंडमध्ये आहेत. एकत्र जमून तो बघतात, चेन दिसली की टाळ्या वाजवतात, पूल तिसऱ्यांदा पडला की उभे राहून सलाम करतात. मास्तर त्यांच्या ग्रुपमध्ये शिरले. इंग्रजी बेताचंच, त्यामुळे ते फक्त फोटो टाकायचे. सिनेमा थांबवून मोठं केलेलं कधी एखादं घर, कधी एखादा विजेचा खांब. भक्तमंडळी त्यांना फार मानायची, असं जोएल सांगायचा.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या खोलीवर खेळ असायचा. अल मुंतझामध्ये आमच्या मागच्याच गल्लीत ते दोघा मल्याळी गृहस्थांबरोबर फ्लॅट वाटून राहत. भिंतीला पांढरी चादर, वर्कशॉपचा प्रोजेक्टर, आणि प्रत्येकाला करक चहाचा कागदी ग्लास. कुमार, जोएल, मी, कधी माझा नवरा, आणि माझी मुलगी ईरा. ईरा तेव्हा दुसरीत होती. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत.

"मास्तरआजोबा, आय कॅन सी द झिप!"

"दिसली? शाब्बास! पहिल्याच खेपेला दिसली म्हणजे डोळा चांगला आहे हो पोरीचा."

जनावराला ते 'भाऊ' म्हणायचे. "आता भाऊकडे बघू नका," ते ओरडायचे आणि सिनेमा थांबवायचे. "मागे बघा. डाव्या कोपऱ्यात." आम्ही बघायचो. भाऊचा पाय आता पडणार अशा एका घराच्या गच्चीवर दोरी होती आणि दोरीवर कपडे वाळत घातले होते. नखाएवढा सदरा, नखाएवढा टॉवेल, आणि एक बाळाचं झबलं. पुढच्या क्षणी सगळं चिरडलं जायचं. मास्तर मागे नेऊन पुन्हा दाखवायचे. "कुणी बघणार नव्हतं. तरी वाळत घातले. कुणी केले असतील गो?" त्यांचा आवाज अशा वेळी जरा बारीक व्हायचा. मलाही त्या झबल्याकडे बघून काहीतरी व्हायचं, खोटं कशाला बोलू.

या वेडापायी एकदा चांगलीच शोभा झाली. एका आलिशान टॉवरचं मॉडेल आम्ही क्लायंटकडे पोचवलं. उद्घाटनाला सूट घातलेली मंडळी, अत्तराचा घमघमाट, ट्रेमध्ये खजूर. क्लायंटच्या सूनबाईंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे काय लटकतंय?" वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीत मास्तरांनी दोरी बांधून बनियन वाळत घातलं होतं. शेजारी एक पट्ट्यापट्ट्यांचा लेंगासुद्धा. इथे बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई, त्यात ही असली श्रीमंत इमारत! आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, लेबनॉनचा. तो तापला की आधी हसतो. तो हसला.

"मास्टर, व्हाय?"

"सर, पीपल विल लिव्ह, नो?" मास्तर म्हणाले.

मुदीरनं कपाळावर हात मारला. बनियन उतरवलं गेलं. मास्तरांनी मान खाली घालून चिमट्यानं ते काढलं, खिशातल्या डबीत ठेवलं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मॉडेलवर कपडे फक्त मागच्या बाजूला वाळत घातले. मला ठाऊक होतं. मी कधी बोलले नाही.

पण या माणसाचं दुखणं वेगळंच होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं. आमच्या धंद्यात मॉडेलचं आयुष्य छोटं. फ्लॅट विकले गेले की शोरूम बंद होते, मॉडेल परत शेडमध्ये येतं आणि थोडे दिवस वाट बघून कचऱ्याच्या लोखंडी कंटेनरमध्ये जातं. एका सकाळी मी आले तेव्हा भाड्यानं आणलेले दोघं मजूर हातोड्यानं मॉडेल फोडून आत टाकत होते. मास्तर शेडच्या दाराशी, कंटेनरकडे पाठ करून उभे होते. दुपारी मी डबा उघडला, त्यांना हाक मारली, ते जेवायला आले नाहीत.

मग तिथूनच आपणहून बोलायला लागले. "आमच्या घरात कुणी आपला गणपती बुडताना बघितला नाही गो. आम्ही रंगवतो, डोळे आखतो, आणि मूर्ती टेम्पोत चढते. मुंबईला, पुण्याला, अमेरिकेलासुद्धा. पाण्यात कसा गेला, कुणी नीट नेला का, कोण सांगणार? इथेही तेच. केलं ते गेलं कसं, ते एकदा तरी आपल्या डोळ्यांनी बघायचंय. माझं शहर, नीट पडताना. हातोड्यानं नाही. भाऊच्या पायाखाली, मानानं."

"मग करू की आपण," मी म्हणाले. डबा खाता खाता माणूस बोलतो तसंच ते बोलणं होतं. मास्तरांनी ते मनावर घेतलं.

तरी योग यायला वर्कशॉप बंद पडावं लागलं. क्लायंटना मॉडेल नकोसं झालं होतं. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला की त्यात अख्खी इमारत फिरून येता येते, मग स्पंजची झाडं कुणाला हवीत? मुदीरनं एक दिवस सगळ्यांना बोलावून, या वेळी न हसता, सांगितलं. कुमार आणि जोएलला एका साइनबोर्डवाल्याकडे जागा मिळाली. मला हमद पोर्टकडे एका शिपिंग ऑफिसात. मास्तर पंचावन्नला आलेले, त्यांनी कुठे विचारलंच नाही. "व्हिसा कॅन्सल करा, मी जातो पेणला," म्हणाले. शेडमध्ये तेव्हा एकच मॉडेल उरलं होतं, समुद्रकाठच्या अख्ख्या वसाहतीचं, आमच्या हॉलपेक्षा मोठं, मास्तरांनी वर्षभर खपून केलेलं. शेड रिकामी करायची होती.

"हे मला द्या," मास्तरांनी मुदीरला सांगितलं.

"टेक इट, हबीबी. बट संडे, शेड क्लीन. खलास."

रविवारीच संध्याकाळी मास्तरांचं विमान होतं. मुदीर जाण्याआधीच ते उकिडवे बसले होते.

पाडायची तयारी बांधण्यापेक्षा कठीण असते, हे मला त्या आठवड्यात समजलं. आमची मॉडेलं अॅक्रिलिकची, चांगली ठणठणीत. ती लाथ मारून पडणार नाहीत, सरकतील. मास्तरांनी एकेक टॉवर सोडवला आणि आतून नवा केला. भिंती प्लास्टरच्या, पापडाइतक्या पातळ. मजल्यांना वेफरची बिस्किटं, म्हणजे तुटताना थर दिसतील. कुमार मजले लावता लावता खात होता, म्हणून बिस्किटं दोनदा आणावी लागली. सगळ्यात उंच टॉवरच्या प्रत्येक मजल्यावर मास्तरांनी खुर्च्या ठेवल्या.

"त्या कुणाला दिसणार, मास्तर?"

"पडताना दिसतील. इमारत पडली की आतलं बाहेर यायला हवं. नाहीतर ती काय, पेटी पडली."

भाऊचा वेष त्यांनी पॅकिंगच्या फोमचा केला. खवल्यांना योगाच्या चटया कापल्या. शेपटीत वाळू भरली, ती झोकात फिरावी म्हणून. डोळे शेवटी. पेणच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते आणि त्या वेळी कुणी बोलत नाही. इथेही त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, मशीन बंद करायला लावली आणि श्वास रोखून डोळे आखले. हाताची सवय जाते थोडीच! भाऊचे डोळे गणपतीसारखे झाले, लांबट आणि मायाळू. जोएल बराच वेळ बघत राहिला. "मास्टर, ही इज नॉट अँग्री. ही विल गिव्ह ब्लेसिंग."

"देऊ दे की," मास्तर म्हणाले.

वेषाचं माप मास्तरांचंच होतं. चालण्याची ढब त्यांनाच येत होती. आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की आत तेच शिरणार. ते म्हणाले, "मी आत गेलो तर बघणार कोण?" कुमारला घालून पाहिलं, तो आत हरवला. जोएलला कॅमेरा धरायचा होता. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगानं बरी आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

तालीम झाली. "पाय उचलू नको गो, ओढ. तुझं वजन डोंगराएवढं आहे."

"ते घरी रोज ऐकते मी."

"घाई नको. तू समुद्रातून आलीस. तुला काही माहीत नाही इथलं. ही घरं बिरं काय असतात, तुला ठाऊक नाही. तू फक्त चाललीयस." असं करत करत त्यांनी मला चालायला शिकवलं. आधी छोटी घरं, मग पूल, मग वळायचं आणि शेपटीचा एकच फटका उंच टॉवरला. तो कोपऱ्यात होता, आणि मास्तर बसणार होते त्याच्या पायाशी, जमिनीला डोळा लावून.

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये एसी बंद केला, नाहीतर धूळ उडून गेली असती. धूळ म्हणजे टाल्कम पावडर. ईरा आली होती, तिला गर्दीचं काम. किंचाळायचं, बस्स. पंख्याशिवायच्या त्या उकाड्यात मी भाऊच्या आत शिरले आणि मास्तरांनी पाठीवरची चेन लावली. आत डिंकाचा वास आणि माझाच श्वास. मानेपाशी जाळीची एक पट्टी होती, तिच्यातून समोरची जमीन तेवढी दिसायची. मास्तरांच्या चपला दिसल्या, मग त्या कोपऱ्याकडे गेल्या. एकदाच होणार होतं. पडलेलं शहर पुन्हा उभं राहणार नव्हतं. वर्षानुवर्षं मनात धरलेली गोष्ट या माणसानं माझ्या पायात दिली होती.

"यल्ला!" मास्तर ओरडले.

मी पाय ओढला. पहिलं घर पायाखाली कुरकुरीत मोडलं आणि खरं सांगते, मला रडू आलं. ते घर लावताना मी त्यांना पाहिलं होतं. पण थांबायची सोय नव्हती. दुसरं मोडलं, तिसरं मोडलं, पूल गेला. ईरा जीव तोडून किंचाळत होती, "पळा! पळा! भाऊ आला!" मराठीत, चक्क. मी वळले आणि अंगातली होती नव्हती ती ताकद लावून शेपटी फिरवली. शेपटी टॉवरला लागल्याचं मला जाणवलं. पण वाळूच्या वजनानं तिनं मलाही फिरवलं, पाय अडकला आणि मी पलीकडच्या टोकाला सगळ्या वसाहतीवर तोंडघशी पडले. जाळीसमोर फक्त पांढरं झालं.

मग पाठीवर कुणीतरी चेन ओढली आणि हवा आत आली.

"लागलं का गो? हळू. हळू ऊठ. घाई नाही."

मास्तर होते. माझं कोपर खरचटलं होतं, त्यावर त्यांनी रुमाल दाबला होता. मी पहिला प्रश्न विचारला, "पडला का टॉवर?"

"पडला असेल."

"असेल म्हणजे? कसा पडला?"

"तू आधी हात हलवून दाखव. बोटं हलतायत ना?"

मी बोटं हलवली. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात ढिगारा होता आणि त्यावर पावडर खाली बसत होती. संपलं होतं. मला हुंदका आवरेना. मी एवढी मोठी बाई, अंगावर अर्धा राक्षस, आणि लहान मुलीसारखी रडतेय. "मास्तर, तुमचं बघायचं राहिलं. माझ्यामुळे राहिलं."

"राहिलं खरं," ते म्हणाले. मग माझ्या केसांतला एक वेफरचा तुकडा काढून त्यांनी कुमारला चहा आणायला पिटाळलं.

रविवारी ते गेले. शेड आम्ही झाडून दिली. विमानतळावर त्यांच्या बॅगेत भाऊचं मुंडकं मावेना, ते हातात धरून मास्तर रांगेत उभे राहिले. आता पेणला घरच्या कारखान्यात बसतात. सीझनमध्ये फोन उचलत नाहीत. अल मुंतझाच्या मागच्या गल्लीत त्यांच्या खिडकीला आता दुसरे पडदे आहेत.

जोएलनं त्याच्या फोनवर सगळं टिपलं होतं. त्यानं ते त्या भक्तांच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथे धमाल उडाली. आमचं तीन मिनिटांचं रीळ बघून ब्राझीलमधली माणसं टाळ्या वाजवतायत, विचार करा! पण त्यांना ना माझी चाल आवडली, ना भाऊचे डोळे. ते सगळे एकच विचारतायत, शेवटी फ्रेममध्ये घुसतो तो माणूस कोण? या जातीच्या सिनेमांत आजवर सगळी माणसं राक्षसापासून लांब पळाली. त्याच्याकडे धावत जाणारा हा पहिलाच.

मी क्लिप मास्तरांना पाठवली. त्यांचा लगेच फोन आला. "कोण तो गाढव मध्ये आला? सगळा शॉट घालवला मेल्यानं!" आणि स्वतःच खो खो हसत सुटले. टॉवर कसा पडला, मी विचारलं. म्हणाले, "फोनवर काय दिसतंय गो मेलं एवढंसं."

नव्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ती क्लिप कधीकधी लावते. उंच टॉवर पडतो तो अगदी त्यांना हवा होता तसा. एकेक मजला सुटतो, थर उघडे पडतात, आतल्या खुर्च्या बाहेर येतात, पांढरी धूळ सावकाश वर चढते. आणि त्याच्याकडे पाठ करून मास्तर माझ्याकडे धावत येताहेत, एक चप्पल मागे राहिलेली, दोन्ही हात पुढे.